न दिसणाऱ्या ताऱ्याचे वजन

"मास्तर, हंसातला तो जागा झाला!"

२०१५ सालच्या जून महिन्यातली रात्र. मृगाचा पाऊस लागला होता. जेवण आटोपून मी सुपारी कातरीत बसलो होतो, तोच नानांचा फोन आला. नानांना स्वतःला कमी ऐकू येते, त्यामुळे ते फोनवर सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे बोलतात. आमची ही स्वयंपाकघरातून ओला हात पुशीत बाहेर आली.

"अहो, कोण हंसा? तिला काय झालं?"

तिची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. हंसा ही कोणी बाई नव्हे, तो आकाशातला हंस नावाचा तारकासमूह. आणि जागा झालेला 'तो' म्हणजे त्या हंसाच्या मानेजवळ सव्वीस वर्षे गाढ झोपलेला एक तारा, हे ऐकल्यावर तिने फक्त खिडकीकडे बोट केले. बाहेर पाऊस कोसळत होता.

नानांची ओळख करून दिली पाहिजे. नाना रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि मी डोंबिवलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवीत होतो. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, त्या वेळी आम्हा दोघांना आकाशाचे वेड लागले. धूमकेतू दिसला तो कापसाच्या बोळ्याएवढा, पण वेड राहिले. जाड काचेची तबकडी पिंपावर ठेवून, कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालीत, पिंपाभोवती बैल फिरतो तसे फिरत आम्ही आठ इंची आरसा घासला. हात नानांचे, हिशेब माझा. चार महिने आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या आरशाची दुर्बीण अजून माझ्याकडे आहे, आणि ती उत्तम चालते. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढे या आठ इंचांना फार महत्त्व येणार आहे, म्हणून सांगतो.

आता तो झोपाळू तारा. १९३८ साली वाखमान नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला हंसात एक नवतारा दिसला. एरवी अगदी मंद असलेला तारा एकाएकी शेकडो पटींनी उजळायचा आणि काही महिन्यांत पुन्हा मावळायचा, असे आकाशात अधूनमधून होते. त्यातलाच हा एक, म्हणून त्याची नोंद झाली, त्याला पुढे 'व्ही ४०४ सिग्नी' हे नाव मिळाले आणि लोक त्याला विसरले. १९८९ च्या मे महिन्यात 'गिंगा' या जपानी उपग्रहाला हंसाच्या त्याच भागातून क्ष-किरणांचा लोट येताना दिसला. दुर्बिणी तिकडे वळल्या, तो काय, पन्नास वर्षांपूर्वीचा नवतारा पुन्हा पेटलेला! आम्हाला ही बातमी कळली ती नानांनी फोर्टातल्या एका वाचनालयात परदेशी मासिक चाळले तेव्हा, म्हणजे दोन महिन्यांनी. श्रावण चालू होता. तोवर ताराही उतरणीला लागला होता आणि आकाशात तर ढगांखेरीज काही नव्हते. नाना म्हणाले, "पुढच्या खेपेला."

ती पुढची खेप २०१५ च्या १५ जूनला आली. या खेपेला बातमी काही तासांत पोचली, पण तिच्या आधी मॉन्सून पोचला होता! १९ जूनला मुंबईत इतका पाऊस झाला की लोकलगाड्या बंद पडल्या. रोज रात्री मी गच्चीवर जाई, दुर्बिणीवरचे प्लॅस्टिक चाचपून पाही आणि भिजून खाली येई. त्या पंधरवड्यात जगभरचे हौशी निरीक्षक त्या ताऱ्याकडे डोळे लावून बसले होते. मिनिटामिनिटाला तो उजळत होता, मंदावत होता. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या लोकांनी ती सारी निरीक्षणे गोळा केली आणि २०१६ च्या जानेवारीत 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. कृष्णविवराच्या अगदी जवळ चाललेल्या उलथापालथीचे पडसाद साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात उमटतात, आणि ती लुकलुक शंभर सेकंदांपासून अडीच तासांपर्यंतच्या ठेक्यांत पुन्हा पुन्हा येते, असे त्यांना आढळले. सोबत असेही सांगितले गेले की हे पाहायला वीस सेंटिमीटरची दुर्बीण पुरली असती.

वीस सेंटिमीटर म्हणजे आठ इंच. मी तो मजकूर नानांना वाचून दाखवला नाही.

वाचक म्हणतील, क्ष-किरण म्हणजे दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात ते. त्यांचा ताऱ्यांशी संबंध काय? १९६२ पर्यंत शास्त्रज्ञांनाही तो फारसा ठाऊक नव्हता. अवकाशातून येणारे क्ष-किरण आपले वातावरण वरच्या वर शोषून घेते, आणि ते बरेच आहे, नाही तर आपण जगलोच नसतो. ते पाहायचे तर वातावरणाच्या वर गेले पाहिजे. १९६२ च्या जूनमध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील व्हाइट सँड्स येथून एक अग्निबाण सोडला. सूर्याच्या किरणांनी चंद्राची माती क्ष-किरणांत चमकते का, एवढेच त्यांना पाहायचे होते. अग्निबाण जेमतेम पाच-सहा मिनिटे वर राहिला. चंद्राचे राहिले बाजूलाच. वृश्चिकेच्या दिशेने मात्र क्ष-किरणांचा असा प्रखर झोत आला की मोजणाऱ्या यंत्रांवर विश्वास बसेना. त्या उगमाला 'स्कॉर्पिअस एक्स-१' असे नाव पडले. जियाकोनींना याच कामासाठी २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण तिथे आहे काय? क्ष-किरणांच्या उपकरणांची नजर तेव्हा इतकी ढोबळ होती की त्या पट्ट्यात शेकडो तारे बसत. चोर दादरला राहतो एवढे कळले, पण कोणत्या घरात ते कळेना, त्यातली गत! १९६६ साली आणखी बारकाईने नेम धरणारे उपकरण अग्निबाणातून वर गेले आणि शोधाचा टापू लहान झाला. त्या जूनमध्ये आधी जपानमधील ओकायामा आणि मग अमेरिकेतील पालोमार वेधशाळेने तिथे एक निळसर, तेराव्या प्रतीच्या आसपासचा तारा नेमका हेरला. (ताऱ्यांची प्रत जितकी मोठी तितका तारा मंद; नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे दिसतात.) त्या शोधनिबंधावर ॲलन सँडेज आणि जियाकोनी यांच्याबरोबर बी. व्ही. श्रीकांतन हे नावही आहे. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक झाले. याच संस्थेच्या मंडळींनी १९६८ साली हैदराबादहून बलून सोडून त्याच ताऱ्याचे क्ष-किरण मोजले.

सूर्य प्रकाशाच्या रूपाने जेवढी ऊर्जा देतो, तिचा सुमारे दशलक्षावा हिस्सा क्ष-किरणांत देतो. इथे उलटा कारभार होता. क्ष-किरणांतील ऊर्जा प्रकाशाच्या हजारपट! इतकी ऊर्जा येते कोठून, याचे उत्तर असे: तिथे एक नव्हे, दोन तारे आहेत. एक साधासुधा, आणि दुसरा मेलेला. मेलेला म्हणजे स्वतःच्या भाराने कोसळून घट्ट झालेला न्यूट्रॉन तारा. त्याचा व्यास दादर ते ठाणे एवढा, आणि वजन सूर्याहून जास्त. हा मेलेला तारा शेजाऱ्याचा वायू ओढून घेतो. वायू थेट पडत नाही. भोवऱ्यासारखा फिरत त्याची एक तबकडी बनते, आणि आतल्या कडेने तो खाली कोसळतो. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून हिशेब करून पाहिला. आमच्या घरची चाळीस ग्रॅमची एक करंजी न्यूट्रॉन ताऱ्यावर टाकली, तर पडताना जी ऊर्जा मोकळी होईल ती हिरोशिमावरच्या बाँबसारख्या सुमारे दहा बाँबांएवढी भरेल. करंजी कितीही कडक झाली तरी एवढी नव्हे, असे मी हिला म्हणालो आणि त्या दिवशी चहाला उशीर झाला.

वृश्चिकेतल्या या ताऱ्याला रोजचा रतीब आहे. हंसातल्या ताऱ्यासारखे जे क्ष-किरण नवतारे, त्यांचे तसे नाही. मोरीच्या जाळीवर केस-कचरा बसला की पाणी तुंबत राहते, आणि एकदम काहीतरी मोकळे होऊन सारे पाणी भसकन खाली जाते ना? शेजाऱ्याचा वायू वर्षानुवर्षे तबकडीत साचतो. थंड आहे तोवर तो मुकाट फिरतो. साचता साचता तो तापतो, सुमारे दहा हजार अंशांच्या घरात गेला की त्यातल्या हायड्रोजनचे अणू फुटू लागतात, वायूचे थर एकमेकांना घासून अडवू लागतात आणि सगळा साठा आत धावतो. मग क्ष-किरणांचा उद्रेक. नंतर पुन्हा दहा, वीस, पन्नास वर्षे शांतता.

आणि गंमत अशी की शास्त्रज्ञांना खरे हवे असते ते या शांततेच्या काळात. उद्रेक चालू असता तबकडीच्या झगमगाटात तो साधा शेजारी तारा लोपून जातो. दिवाळीच्या रोषणाईत पणती कोण पाहणार? पण वजन करायचे तर ती पणतीच दिसली पाहिजे.

वजन कसे करतात, हे मला माझ्या नातीला समजावून सांगावे लागले. ती तेव्हा सहावीत होती. मी म्हटले, मंगळागौरीला फुगडी पाहिलीस ना? समज, मिट्ट काळोखात दोघीजणी फुगडी घालताहेत. एकीच्या अंगावर चकमकणारी साडी आहे, तेवढीच दिसते. दुसरी काळ्या साडीत, मुळीच दिसत नाही. चकमकणारी नुसती जागच्या जागी गिरकी घेत असली, तर जोडीला बारकी पोर आहे. पण ती लांबवर भेलकांडत, गरगर ओढली जात असली, तर दुसऱ्या टोकाला कोण असेल?

"मामी!" नात ताबडतोब म्हणाली. (मामी हा लेख वाचणार नाहीत अशी आशा आहे.)

ताऱ्यांच्या बाबतीत ही ओढाताण प्रकाशात दिसते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून फाकला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. तारा आपल्याकडे येत असला की त्या निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असला की तांबड्या बाजूला. फलाटावरून शिटी वाजवीत जाणाऱ्या गाडीचा सूर बदलतो तसे. रेघा किती सरकल्या यावरून वेग कळतो, किती वेळाने पुन्हा जागी आल्या यावरून फेरीचा काळ कळतो. आणि या दोन आकड्यांवरून न दिसणारा जोडीदार निदान केवढा जड असलाच पाहिजे ते निघते. 'निदान' अशासाठी की आपण फुगडी अंगणातून पाहतो की गच्चीवरून वाकून, हे ठाऊक नसते. गच्चीवरून पाहिले तर कोणीच आपल्याकडे येत नाही की दूर जात नाही. त्यावरही तोड निघाली आहे. जड शेजाऱ्याच्या ओढीने साधा तारा थेंबासारखा लांबट होतो. त्याची कूस दिसते तेव्हा तो जरा उजळ आणि टोक दिसते तेव्हा जरा मंद, असे एका फेरीत दोनदा घडते. त्या चढउतारावरून पाहण्याचा कोन काढतात.

पहिले मोठे वजन झाले ते एकशृंग तारकासमूहातल्या ताऱ्याचे. १९७५ च्या ऑगस्टमध्ये 'एरियल-५' या ब्रिटिश उपग्रहाला तो दिसला, आणि काही दिवसांतच क्ष-किरणांच्या आकाशात तो सगळ्यांत तेजस्वी झाला. वृश्चिकेतला पहिला नंबर मागे पडला. उद्रेक ओसरला, तारा अठराव्या प्रतीच्या आसपास जाऊन बसला. मग मॅक्लिंटॉक आणि रेमिलार्ड यांनी मोठ्या दुर्बिणींनी त्या क्षीण ठिपक्याचा वर्णपट घेतला. पावणेआठ तासांत एक फेरी, वेग सेकंदाला चारशे किलोमीटरांहून अधिक! १९८६ साली त्यांनी जाहीर केले की न दिसणारा जोडीदार तीन सूर्यांहून जड आहे. न्यूट्रॉन तारा साधारण तीन सूर्यांपलीकडे तग धरू शकत नाही, तो आणखी कोसळतो. मग हे कृष्णविवरच.

तरी शंकेखोरांना 'साधारण तीन' आणि 'तीनाहून जरा जास्त' यांत फट दिसत होती. ती फट बुजवली आमच्या हंसातल्या ताऱ्याने. १९८९ चा उद्रेक निवल्यावर कासारेस, चार्ल्स आणि नेलर यांनी ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्याच्या जोडीदाराच्या फेऱ्या मोजल्या. साडेसहा दिवसांची एक फेरी, आणि अदृश्य जोडीदार कमीत कमी सहा सूर्यांएवढा. हे १९९२ साली. आता तर तो सुमारे नऊ सूर्यांएवढा मानतात. म्हणजे ज्या वेळी आम्ही दोघे डोंबिवलीत ढगांना शिव्या देत होतो, त्यानंतरच खरे काम झाले.

या सगळ्या कथेत मला सर्वांत आवडतात त्या जुन्या काचा. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आकाशाचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर घेऊन ठेवले. पाच लाखांच्या वर पट्ट्या! घेणाऱ्यांना न्यूट्रॉन तारा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. न्यूट्रॉनच सापडायचा होता. १९७५ चा एकशृंगातला उद्रेक झाल्यावर लोकांनी त्या काचा धुंडाळल्या, तर १९१७ सालच्या काचांवर तोच तारा पेटलेला! वृश्चिकेतल्या ताऱ्याचेही तसेच. त्याची फेरी किती तासांची हे कोणाला ठरवता येईना; तो इतका लहरी की आजची लुकलुक उद्याशी जुळत नसे. १९७५ साली गॉटलीब, राइट आणि लिलर यांनी ऐंशीहून अधिक वर्षांतल्या हजाराच्या आसपास नोंदी काचांवरून काढल्या, आणि त्या गोंधळातून १८.९ तासांचा एक ठोका निघाला. शेजाऱ्याचा जो गाल क्ष-किरणांनी भाजून निघतो तो आपल्याकडे वळला की उजेड जरा वाढतो, एवढाच तो ठोका. शौरीतल्या एका ताऱ्यात हा भाजलेला गाल इतका उघड आहे की पावणेदोन दिवसांत तारा तेराव्या प्रतीवरून पंधराव्या प्रतीच्या जवळ उतरतो आणि परत चढतो. १९३६ पासून तो 'रूपविकारी' म्हणून वहीत होता. का विकारी, ते १९७२ साली कळले.

असो. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बातमी आली. भुजंगधारी तारकासमूहात एक नवा उजेड. या वेळी आधी पाहिले ते आकाश रोज चाळणाऱ्या लहान स्वयंचलित दुर्बिणींनी, साध्या प्रकाशात. अंतराळस्थानकावरच्या जपानी क्ष-किरण उपकरणाला तो चार-पाच दिवसांनी दिसला. तबकडी बाहेरून पेटत आत जाते, त्याला हे धरूनच होते. तारा बाराव्या प्रतीच्या आसपास पोचला. आणि महिना चैत्र! आकाशात ढग नाही.

नाना तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, गुडघे गेलेले. त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, बाबांना कुठे नेता? ठिपका फोनवर दाखवा की." मुलगा वाईट नाही, पण त्याने कधी आरसा घासलेला नाही.

१४ एप्रिलला, शनिवारी, आम्ही निघालो. अमावास्या दोन दिवसांवर आली होती. भाड्याच्या जीपमध्ये मागे दुर्बिणीची नळी, मध्ये नाना आणि उशा, पुढे मी आणि नात. नातीला तिच्या आजीने थर्मास, दशम्या आणि 'आजोबांना दगडावर चढू देऊ नकोस' एवढी जबाबदारी दिली होती. मुरबाडच्या पुढे, माळशेज घाटाच्या पायथ्याशी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर मुक्काम केला. मध्यरात्री उशिरापर्यंत थांबावे लागले. वाट पाहताना नानांनी नातीला अनुराधा नक्षत्र दाखवले. त्याच्या वरच्या ताऱ्याच्या उत्तरेला, हात लांब करून तीन बोटे मोजली की तिथेच वृश्चिकेतला तो जुना क्ष-किरणांचा उगम. "डोळ्यांना काही दिसत नाही," ती म्हणाली. "तेच तर," नाना म्हणाले.

अडीचच्या सुमारास भुजंगधारी चांगला वर आला. माझ्याकडे त्या भागाचा नकाशा होता, शेजारच्या ताऱ्यांच्या प्रती त्यावर लिहिलेल्या. तांबडा कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात नकाशा पाहायचा, मग दुर्बिणीत डोळा, पुन्हा नकाशा. पाऊण तास गेला. एक त्रिकोण जुळला, मग एक तिरकी ओळ, आणि ओळीच्या टोकाशी, नकाशात ज्या जागी लक्षात येण्यासारखे काही नाही, तिथे एक ठिपका. निळसर, शांत. शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून पाहिला. एकाहून मंद, दुसऱ्याहून उजळ. बारा आणि साडेबाराच्या मध्ये.

त्या ठिपक्याचेही वजन पुढे, उद्रेक ओसरल्यावर झाले. साडेसोळा तासांची फेरी, न दिसणारा जोडीदार पाच सूर्यांहून जड. अंतर सुमारे दहा हजार प्रकाशवर्षे. त्या रात्री यातले काहीच ठाऊक नव्हते.

नानांना धरून स्टुलावर बसवले. त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा लावला. मी सांगू लागलो, "मधोमध पाहा, मग जरा डावीकडे..." त्यांनी हाताने मला गप्प केले. आपल्याच हातांनी घासलेल्या आरशात माणूस काय पाहतो हे त्याचे त्याला ठाऊक. पाच मिनिटे झाली, दहा झाली. आकाश सरकत होते तशी ते नळी बोटाने हलकेच ढकलीत होते, पूर्वी ढकलीत तशीच.

"आजोबा, नानांना कृष्णविवर दिसलं?" नातीने माझ्या कानात विचारले.

"कृष्णविवर दिसत नाही. त्याच्याभोवतीचा वायू दिसतो."

"मग मलापण वायू बघायचाय."

नानांनी डोळा काढला आणि तिला जागा दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, २०१५ चं ते जपानी लोकांचं मी वाचलं होतं. वीस सेंटिमीटरवालं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

थर्मासमधला चहा अजून कोमट होता. आम्ही तिघांनी दशम्या खाल्ल्या, आणि वहीत वेळ आणि प्रत लिहून ठेवली. नातीच्या अक्षरात ती नोंद आहे. तिने त्या पानाच्या खाली आणखी एक आकडा लिहून ठेवला आहे: २०३३. एकशृंगातला तारा १९१७ ला पेटला, मग अठ्ठावन्न वर्षांनी १९७५ ला; मोरी त्याच गतीने तुंबत असली तर पुढची खेप तेव्हा येईल, असा तिचा हिशेब. मी तिला म्हटले, तारे पंचांग पाहून पेटत नाहीत. ती म्हणाली, "पण आरसा धुऊन ठेवायला काय हरकत आहे?"